चेंबर

गाडीखाली कोण गेलंय ते बघावं, म्हणजे गॅरेज कुणाचं हे विचारावं लागत नाही. मालक बॉनेटला टेकून उभा असतो. मिस्त्री वरनं इंजिनात वाकलेला असतो. आणि गाडीखालनं दोन पाय बाहेर आलेले असतात. त्या पायांना नाव नसतं. 'ए पोरा' म्हटलं की ते हलतात. सूतगिरणीत लागायच्या आधी आठ महिने ते दोन पाय माझे होते.

म्हणून चेंबरवर लिहायचा हक्क मला आहे. इंजिनाच्या सगळ्यात खाली पत्र्याचं भांडं असतं, त्यात ऑइल साठतं. पुस्तकात त्याला ऑइल पॅन म्हणतात, सम्प म्हणतात. गॅरेजात चेंबर. तिथनं पंप जाळीतनं ऑइल ओढतो, क्रँकच्या बेअरिंगांना देतो, वर रॉकरपर्यंत चढवतो. सगळीकडं फिरून, तापून, काळं होऊन ते पुन्हा खाली येतं. आता इथं मी कविता करीन अशी वाट कुणी बघू नये. काळं ऑइल रूपक म्हणून वापरलेलं दिसलं की मला हसू येतं. उताणं पडल्यावर ते कानात शिरलं की दोन दिवस बहिरेपण येतं, एवढंच त्याचं काव्य.

आमच्या मामाची जुनी कमांडर जीप आहे, डिझेलची. वडापला चालते. कोल्हापूर भागाबाहेरच्या दोस्तांना सांगतो, वडाप म्हणजे माणशी भाडं घेऊन, कोंबून, गावं करत जाणारी जीप. पाचवा मालक मामा. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला. वस्तीतल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात न्यायचं तरी हीच, १४ एप्रिलला मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो वाहायचा तरी हीच.

या जीपचा ऑइल प्रेशरचा काटा गाडी तापली की खाली बसायला लागला. गार असताना ठीक, दहा किलोमीटर गेलं की शून्याकडं. अशी गाडी चालवली तर बेअरिंग ऑइलवाचून धातूवर धातू घासतं, आणि एक दिवस इंजिन जाम. मामा तालुक्याच्या एका गॅरेजात गेला. तिथल्या मिस्त्रीनं चेंबर काढायला दोन तास झटापट केली आणि सांगितलं, हे हलत नाही, इंजिन खाली उतरवावं लागेल, वीस हजार तयार ठेव.

मामा माझ्याकडं आला. म्हणाला, "भाच्या, इंजान उतारलं तर मी बी उतारलोच म्हण की."

पाळी संपवून मी संध्याकाळी गेलो. विहाराच्या मागं फरशीची जागा आहे, तिथं जीप घेतली. आधी थोडी चालवून ऑइल कोमट केलं आणि ड्रेन नट सोडून रात्रभर गळू दिलं. घाई असलेला माणूस इथंच चुकतो. चेंबर काढताना उरलेलं सगळं त्याच्या छातीवर येतं.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. मागच्या चाकांना दोन्हीकडनं दगड लावले. जॅक ॲक्सलला लावला नाही, चासीला लावला. या जिपेला पुढं आडवा ॲक्सल आणि पाट्यांची स्प्रिंग. चासी उचलली की ॲक्सल आपल्या वजनानं खाली लोंबतो आणि चेंबर बाहेर यायला तेवढीच वाट होते. मग चासीखाली दोन लोखंडी घोड्या दिल्या. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. गॅरेजात आम्हाला घोडी मिळत नव्हती. 'एवढ्याला काय लागतंय, जा आत' असं म्हणायचे. म्हणणारा कधी आत जायचा नाही.

खाली उताणं झालो आणि बॅटरी मारली. वरनं बघणाऱ्याला कधीच दिसलं नसतं ते दिसलं. चेंबरच्या कडेवर सहा ठिकाणी छिन्नीचे घाव होते. जुने तीन, नवे तीन. म्हणजे आधीच्या कुणीतरी हेच केलं होतं, आणि परवाच्या मिस्त्रीनंही. पत्रा वाकला होता. आणि मागच्या बाजूला, क्लच हाउसिंगजवळ, माती आणि ऑइलचा बोटभर जाडीचा थर. तारेच्या ब्रशनं आणि डिझेलनं तो थर काढत गेलो. अर्धा दिवस गेला. मामी दोनदा चहा ठेवून गेली.

थर निघाल्यावर आत दोन बोल्ट निघाले. पुरे आवळलेले. अंगावर चिखल घेऊन गप बसलेले. परवा छिन्नी हाणणाऱ्यानं ते मोजलेच नव्हते. दोन बोल्टांनी धरलेलं चेंबर तो हातोडीनं उपटत होता आणि वर मामाला सांगत होता, गाडीच भिकार आहे.

माझा आजा मुंबईला गिरणीत रिंग खात्यात होता. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. कारण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि उष्ट्या धाग्यानं बाकीच्यांचा धर्म बुडत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. आजा पुष्कळ नंतरचा, पण त्याच्या बापानं सांगितलेलं तो सांगायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजा गावाकडं परतला तो कायमचा. जीप धुवायला आला की म्हणायचा, "मशीन कुणाला जवळ करतंय ते मशीन ठरवत न्हाई." गॅरेजातल्या आठ महिन्यांत मला गोटी पान्याच्या पेटीला हात लावू देत नव्हते. खाली पडून 'तेरा नंबर' म्हणून हात बाहेर काढायचा, वरनं पाना पडायचा. मोजायला मात्र कुणी अडवू शकत नव्हतं. कुठल्या इंजिनाला किती बोल्ट, कुठला आखूड, कुठला लांब, हे मी त्या उताण्या आठ महिन्यांत पाठ केलं. वहीत आधी बोल्ट लिहिले, कविता नंतर.

सगळे बोल्ट सैल केले. दोन टोकांचे दोन चार आटे राखून ठेवले, चेंबर अचानक तोंडावर येऊ नये म्हणून. तरी चेंबर जागचं हललं नाही. पोरं जमली होती. एक म्हणाला, "घाल की पेचकस आन् हाण एक." सगळ्यांना हाणायची घाई. पण बघा, वरची ब्लॉकची कड बिडाची, घासून सपाट केलेली. खालची चेंबरची कड पत्र्याची. मध्ये जाड पेचकस घालून हाणलं की बिडाला ओरखडा पडतो आणि पत्र्याला बाक येतो. मग कितीही नवं पॅकिंग घाला, ती गाडी मरेपर्यंत ठिपकत राहणार.

चेंबर ताकदीनं अडलेलं नव्हतं. आधीच्या मिस्त्रीनं पॅकिंगला दोन्हीकडनं काळं सिलिकॉन थापलं होतं, आणि ते वर्षानुवर्षं तापून रबरासारखं धरलं होतं. त्याला कापायलाच पाहिजे. रंगाऱ्याची पुट्टीची पातळ पट्टी घेतली, कड घासून धार केली. एका कोपऱ्यात हलक्या टिचक्यांनी आत सारली. मग इंच इंच पुढं. एक बाजू, मग दुसरी. पुढं मागं जिथं कड अर्धगोल होते तिथं पट्टी चालत नाही. तिथं लाकडाचा ठोकळा आडवा लावून चेंबरच्या अंगावर बाजूनं ठोके दिले. या बाजूनं चार, त्या बाजूनं चार. वरून एक शब्द नाही, सगळी पोरं खाली वाकून बघत होती. तासाभरानं एक ओला, चिकट आवाज आला. दात निघताना येतो तसा.

दोन इंच खाली आलं आणि पुन्हा अडकलं. पोरं हताश. इथं ओढायचं नसतं. आत क्रँकची वजनं आडवी आलेली असतात. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन थोडं फिरवलं, वजनं वर गेली, चेंबर मागं सरकवून खाली घेतलं. मामानं ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, काकवीच्या काहिलीसारखं.

आत तळाला गाळ होता, तो असतोच. खरी गोष्ट पंपाच्या जाळीवर होती. सिलिकॉन थापताना जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही येतं. बाहेरचं पुसून मिस्त्री गाडी चकाचक करून देतो. आतलं कुणी पुसत नाही. त्याच्या वाती तुटून ऑइलात पडतात, पंप ओढेल तशा जाळीला जाऊन चिकटतात. मामाच्या जाळीची निम्मी तोंडं बंद होती. बेअरिंग मी बोटानं चाचपलं, हलवून बघितलं. वेळ टळली होती.

"हे कुठनं आलं?" मामानं विचारलं.

"चेंबर बसवणाऱ्याच्या हातनं."

"म्हंजी त्येनं पैसे बी घेतलं आन् दुखनं बी दिलं."

जाळी डिझेलमध्ये धुतली. चेंबरची वाकलेली कड रुळाच्या तुकड्यावर उलटी ठेवून बारीक हातोडीनं सपाट केली. बोल्टांच्या भोकांभोवती जादा आवळून पत्रा फुगलेला असतो, तो तर हमखास ठोकून बसवावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं बुचाचं पॅकिंग आणलं. ब्लॉकची कड पट्टीनं खरवडून, कापडानं पुसून, बोट फिरवून बघितली. बोल्ट मधनं टोकाकडं, आलटून पालटून, जेमतेम आवळले. बूच फुटेस्तोवर आवळणं ही मर्दुमकी नव्हे.

नवं ऑइल भरलं. इंजिन बंद करायची दोरी ओढून धरून मामाला सेल्फ मारायला सांगितलं, म्हणजे इंजिन पेटत नाही, नुसतं फिरतं, आणि ऑइल आधी वर चढतं. काटा थरथरला आणि उठला. मग दोरी सोडली. अर्धा तास गाडी चालू ठेवली. तापली तरी काटा बसला नाही. मी पुन्हा खाली गेलो, कडेवरनं कोरडं कापड फिरवलं. कापड कोरडंच आलं.

सकाळी सातची पाळी. मामा पहिल्या फेरीला निघाला होता, त्यानं मला गिरणीच्या गेटवर सोडलं. जिपेत चौदा माणसं होती. भाडं तेरा जणांकडनंच घेतलं.