मित्राची साक्ष

१.
रात्री 'राशोमोन' पुन्हा पाहिला. कुरोसावाचा, १९५० चा. जंगलात एक सामुराई मरतो. दरोडेखोर, बायको, खुद्द मेलेला माणूस आणि लाकूडतोड्या, चौघांच्या चार हकिगती. न्यायाधीश एकदाही दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदार सरळ आपल्याकडे बघून बोलतात.

२.
आपल्याकडे 'मृच्छकटिक'. शूद्रकाचं नाटक, गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं. नवव्या अंकात वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर येतो. खोटं बोलतो तो एकटा राजाचा मेहुणा शकार. वसंतसेनेची आई सांगते, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. खरं. नगररक्षक वीरक सांगतो, गाडी चारुदत्ताची होती. खरं. बागेत बाईचं प्रेत आहे का? आहे. ते झाड अंगावर पडून मेलेल्या भलत्याच बाईचं.

वसंतसेना जिवंत आहे. ती कोर्टात नाही, एवढंच.

३.
त्याच अंकात चारुदत्ताचा मित्र मैत्रेय. मातीच्या गाडीवर रडणाऱ्या चारुदत्ताच्या मुलाला सोन्याची गाडी करून घे म्हणून वसंतसेनेने दागिने दिले होते. ते तिला परत करायला मैत्रेय निघालेला. वाटेत कळलं की मित्राला कोर्टात बोलावलंय. तसाच धावला, शकाराच्या अंगावर गेला, झटापटीत काखेतले दागिने सगळ्यांसमोर खाली पडले.

पुरावा मित्राने आणून दिला.

४.
सकाळची डोंबिवली फास्ट. दिवा स्टेशन गेल्यावर एक गृहस्थ ओरडले, "माझं पाकीट!" शेजारच्या कॉलेजच्या पोराची कॉलर धरली गेली. त्याच्या मित्राने मध्ये हात घातला. "काका, हा डोंबिवलीपासून माझ्यासोबत आहे."

मागून आवाज आला, "म्हणजे दोघं मिळून."

मित्राचीही बॅग उघडली गेली. डबा, जर्नल, घडीची छत्री. डब्याचं झाकण उघडून पोळ्यासुद्धा पाहिल्या. ठाणं यायच्या आत पाकीट काकांच्याच सॅकच्या पुढच्या कप्प्यात सापडलं. कुणी सॉरी म्हटलं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मीही काही बोललो नाही.

५.
ठाण्याचं कारागृह म्हणजे मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. भिंती त्याच. कोण आत आणि कोण बाहेर, हे बदलत गेलं.

६.
जुलै १८१५, पंढरपूर. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन देवळातून परतताना मारले गेले. आळ त्रिंबकजी डेंगळ्यावर, दुसऱ्या बाजीरावाच्या सगळ्यात जवळच्या माणसावर. इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्याला मागितलं. बाजीरावाने टाळाटाळ केली, अखेर सप्टेंबरात हवाली केलं. खुला खटला चालला नाही. त्याने खून करवला की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. त्याला ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात.

७.
पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई. एतद्देशीय शिपाई फितूर होईल म्हणून.

८.
एका इंग्रज अधिकाऱ्याकडे मराठा मोतद्दार होता. रोज घोडा फिरवायला त्रिंबकजीच्या खिडकीखाली यायचा आणि गायचा. बेत गाण्यात होता. पहारेकऱ्यांनी ते गाणं कितीदा तरी ऐकलं, कळलं एकदाही नाही. १२ सप्टेंबर १८१६ च्या पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीच्या भोकातून निसटला.

९.
दोनशे वर्षांपूर्वी ठाण्यात मराठी येणं म्हणजे काय, ते वरच्या टिपणात आहे.

१०.
ओसामू दाझाईची १९४० ची एक गोष्ट जपानी शाळांच्या पुस्तकांत असते. मृत्युदंड झालेला माणूस मित्राला ओलीस ठेवून बहिणीच्या लग्नाला जातो आणि वेळ संपायच्या आत धावत परत येतो.

१८१७ मध्ये त्रिंबकजी सापडेपर्यंत इंग्रजांनी बाजीरावाकडून तारण म्हणून तीन किल्ले मागितले: सिंहगड, पुरंदर, रायगड. त्रिंबकजी परत आला नाही.

११.
२१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद नाट्यगृह. प्रयोग 'संगीत शारदा'चा, देवलांच्याच नाटकाचा. कलेक्टर जॅक्सन नाटकाला आला होता. गोळ्या झाडल्या अनंत कान्हेरे यांनी. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तिघे फासावर गेले: कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे.

१२.
त्रिंबकजी १८१८ मध्ये पुन्हा पकडला गेला. काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. १८२४ मध्ये बिशप हेबर त्याला तिथे भेटला. मोतद्दाराच्या गाण्याची गोष्ट हेबरनेच लिहून ठेवली.  १८२९ मध्ये त्रिंबकजी तिथेच वारला.

१३.
'मृच्छकटिका'च्या शेवटी चारुदत्त सुटतो. शकाराचं काय करायचं, असं त्यालाच विचारतात. सोडून द्या, म्हणतो.

१४.
पाकिटाच्या दुसऱ्या दिवशी ती दोन पोरं प्लॅटफॉर्मवर दिसली. आमच्या डब्यापाशी आली, आत पाहिलं आणि पुढच्या डब्याकडे गेली. दोघंही.