ब्रीदरवरचा डबा

ज्या 1248 घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनावर हिंदुस्थानातील लाखो मोटारी धावल्या आणि अद्याप धावत आहेत, ते आमच्या शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावी असलेल्या फियाट व टाटा यांच्या सामाईक कारखान्यातही तयार होत असे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाची भारत-6 मानके अंमलात आली आणि नव्या मोटारींतून या इंजिनाची रवानगी झाली. परंतु जुन्या मोटारी आपापल्या मालकांच्या ताब्यात राहिल्याच, आणि शिरूर, न्हावरे, चौफुला, पाटस, दौंड या टापूतील आम्हा मिस्तरी मंडळींच्या दारी त्यांची वर्दळ वर्षागणिक वाढत आहे. त्यांच्या मालकांची एक मागणी अलीकडे वारंवार कानी येते: ‘कॅच कॅन’ नावाचा, ऑइल अडविणारा डबा बसवून द्या, आणि तो बाजारातला महागडा नको, इथेच बनवून द्या. या मागणीत तथ्य किती आणि हौस किती, याची रुजुवात करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पिस्टनच्या रिंगा कितीही चोख बसलेल्या असल्या तरी ज्वलनाच्या दाबाने थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तेथील ऑइलचे सूक्ष्म तुषार, पाण्याची वाफ आणि काजळी बरोबर घेऊन तो ज्या वाटेने बाहेर पडतो ती वाट म्हणजे ब्रीदर. जुन्या मोटारींत ही नळी खाली रस्त्याकडे उघडी सोडलेली असे. कॅलिफोर्नियात 1961 च्या मोटारींपासून हा वायू पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची व्यवस्था आली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. हवेचे कल्याण झाले, भुर्दंड इंजिनावर बसला. प्रस्तुत डिझेल इंजिनात ब्रीदरची नळी टर्बोच्या अलीकडे हवेच्या पाईपला मिळते, तेथून तेलकट वाफ टर्बो आणि इंटरकूलर ओलांडून इनटेक मॅनिफोल्डमध्ये पोहोचते, आणि तेथे ईजीआरमधून, म्हणजे जळका वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या वाटेने, परतलेल्या कोरड्या काजळीशी तिची गाठ पडते. या दोहोंच्या संयोगाने जो काळा चिकट थर धरतो, तो मॅनिफोल्ड उतरवून खरवडल्यावाचून निघत नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडणाऱ्या आमच्या भागातील मोटारींच्या नशिबी तो अंमळ अधिकच येतो.

डब्याची विद्या मात्र सोपी आहे. अरुंद नळीतून वेगाने आलेला वायू रुंद जागेत शिरला की मंदावतो, थंड होतो, आणि वाटेत तारांचे जाळे आडवे आले की तुषार त्यावर आदळून, एकमेकांस मिळून, थेंबरूपाने तळाशी उतरतात. हे साधण्यास जाड पत्र्याचा, लिटरभर मापाचा स्टीलचा डबा पुरतो. लेथवाल्याकडून त्याच्या झाकणास दोन निपल आणि बुडास ड्रेन कॉक बसवून घ्यावा. आत येणारी नळी डब्याच्या मध्यापर्यंत उतरलेली असावी, जाणारी अगदी वरून निघावी, आणि दोहोंचे आतील माप मूळ नळीहून तसूभरही कमी नसावे. कारण वाट आवळली की दाब क्रँककेसमध्ये साठतो आणि क्रँकचे ऑइल सील गळू लागतात, म्हणजे उपाय रोगाहून महाग पडतो. जाळ्यासाठी भांडी घासण्याची तारेची घासणी पुष्कळजण कोंबतात. तिची साध्या लोखंडाची जात गंजते, तिचे तुकडे सुटतात, आणि सुटलेला तुकडा वायूबरोबर थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. म्हणून घासणी स्टेनलेसचीच घ्यावी आणि तिच्यावर छिद्रांची चकती पक्की बसवावी. नळी ऑइल सोसणाऱ्या नायट्राइल रबराची हवी. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी उन्हाळ्यात बॉनेटखाली मऊ होऊन चपटते. डबा टर्बोपासून दूर, पुढच्या जाळीजवळ वारा लागेल असा बांधावा, आणि परतीची नळी मूळ जागीच जोडावी. ती उघडी सोडून डब्यावर नुसता फिल्टर लावणारे कारागीर आहेत; असे करणे म्हणजे सहा दशकांपूर्वी बंद झालेली घाण पुन्हा रस्त्यावर सोडणे होय.

पेट्रोल मोटारींविषयी थोडक्यात सांगतो. ज्यांत पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारले जाते त्यांचे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जातात. त्यांस या डब्याची गरज नाही. शिवाय तेथे निर्वाताची ओढ असल्याने डब्याचा एखादा सांधा जरी हवा घेऊ लागला तरी इंजिन आयडलवर डुलू लागते. कायद्याची बाजूही ध्यानी असावी: 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करू देत नाही, आणि वॉरंटीतील गाडीस हात लावणे तर शहाणपणाचे नव्हेच.

आता मुख्य मुद्दा. न्हावऱ्याकडील एक बागायतदार म्हणाले, “मिस्तरी, गाडी ऑइल खातीय, डबा बसवून टाका.” मी म्हटले, “दादा, डब्यानं रिंगा नव्या होत नाहीत.” इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करून उलटे ठेवावे; ते स्वस्थ बसले तर ठीक, थडथड नाचू लागले आणि खालून धुराचे लोट आले तर तो पैसा डब्यावर नव्हे, रिंग-पिस्टनच्या कामावर खर्च करावा. त्यांच्या गाडीचे झाकण नाचत होते. निरोगी इंजिनावर मात्र हा डबा उत्तम साक्षीदार ठरतो: एरवी थोडे साचणारे ऑइल एकाएकी वाढले, तर बिघाडाची वर्दी धुराच्या आधी मिळते. पौषातल्या थंडीत, शाळा-बाजाराच्या तोकड्या फेऱ्यांनंतर, कॉकमधून ताकासारखे पांढरट पाणी निघते. ती गार इंजिनातील वाफ आहे, तेवढ्याने हेड गॅस्केट गेले असे समजून कोणाच्या सांगण्यावरून इंजिन खोलू नये. कॅनडासारख्या मुलखात हेच पाणी गोठून ब्रीदर बंद पाडते. घोड-भीमेच्या खोऱ्यात ती भीती नाही.

डबा बसविला की दर महिन्यास रिकामा करण्याची शिस्त ज्यास पाळवणार नाही, त्याने तो बसवू नये. आणि जे निघेल ते बांधावर, विहिरीच्या कडेला किंवा कालव्यात ओतू नये. वेगळ्या कॅनमध्ये साठवून, जळके ऑइल परवान्याने उचलणाऱ्याच्याच हवाली करावे.