हरकी

आमच्या वाड्यासमोरच्या औषधांच्या दुकानात, काचेच्या कपाटावर, एक काळाकुळकुळीत दूरध्वनी असे आणि त्याच्या शेजारी, झाकणाला फट पाडलेला, बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे. या दोन वस्तू माझ्या बालमनात इतक्या एकजीव झाल्या होत्या की दूरध्वनी त्या डब्यावरच चालतो, डब्यात नाणे पडल्याचा आवाज झाल्यावाचून पलीकडचा माणूस बोलूच लागत नाही, असा माझा कित्येक वर्षे प्रामाणिक समज होता. आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर मागे वळून पाहताना तो समज वाटतो तितका खुळा नव्हता, असे म्हणावेसे वाटते.

नारायण पेठेतल्या त्या दुकानाचा क्रमांक आमच्या अर्ध्या आळीच्या पत्त्यांवर, पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरे लावून, दिमाखाने मिरवत असे. दुकानदार सज्जन होते. निरोप आला की पोऱ्याला पिटाळीत, आणि डब्यात काय पडले हे कधी पाहात नसत. परंतु न पाहणाऱ्या माणसापुढे कमी पैसे टाकणे माझ्या वडिलांना जड जाई, म्हणून ते नेहमी थोडे अधिकच टाकीत. दूरध्वनीवरचा पहिला जादा आकार आमच्या घराने असा राजीखुशीने, भिडेखातर भरला.

दुसरा मात्र राजीखुशीचा नव्हता. १९६६ साली नागपूरला काका अत्यवस्थ असल्याची तार आली तेव्हा वडिलांबरोबर मी तारघरात गेलो होतो. तेथे परगावच्या बोलण्याचे तीन दर्जे होते: साधा, त्याच्या दुप्पट दराचा ‘अर्जंट’, आणि आठपट दराचा ‘लाइटनिंग’, अर्थात विजेच्या वेगाने भावाचा आवाज ऐकावयाचा असेल तर आठपट, आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसण्याची तयारी असेल तर एकपट. शाळामास्तरच्या पगारात आठपट बसत नव्हते. फॉर्म हातात धरून, टोपी मागे सरकवून, वडील कितीतरी वेळ नुसते उभे राहिले आणि अखेरीस त्यांनी ‘अर्जंट’वर खूण केली. दोन तासांनी नागपूर लागले. तीन मिनिटांचा हिशेब असे. तीन मिनिटे भरली की मधली बाई ‘आणखी हवीत का’ म्हणून विचारी. वडील ‘नको’ म्हणाले. घरी आल्यावर आईला ते एवढेच म्हणाले, “बोललो. पण विचारायचं तेच राहिलं.” काय विचारावयाचे राहिले, हे त्यांनी पुढे कधी सांगितले नाही, आणि काकाही त्यानंतर राहिले नाहीत.

पुढे मी जिल्हा कचेरीच्या महसूल शाखेत चिकटलो आणि आकार, उपकर, दंड, तगादा, सूट, तहकुबी या शब्दांच्या सहवासात माझे सारे आयुष्य गेले. घरच्या दूरध्वनीसाठी १९७९ साली अर्ज केला. यंत्र आले १९८८ साली. त्या नऊ वर्षांत दोन मुले शाळेत गेली आणि माझे केस पांढरे होऊ लागले. यंत्र आले ते आमचे म्हणून नव्हे. यंत्र खात्याचे, तार खात्याची, भिंतीवरची लाकडी पट्टी खात्याची. आमचे काय, तर बोलणे, तेही मोजून. चार वर्षांनी आम्ही कोथरूडला बिऱ्हाड हलविले तेव्हा तेच यंत्र, तोच क्रमांक आणि तीच माणसे तीन मैलांवर नेण्याचा वेगळा आकार भरावा लागला, आणि तारा जोडावयास आलेल्या मनुष्याने, दिवाळी दोन महिन्यांवर असताना, दिवाळीची पोस्त मागितली. ती दिली. महसूल खात्यातील मनुष्य पोस्तीचे तर्कशास्त्र विचारीत नाही.

भ्रमणध्वनीने हे सगळे पालटले असे लोक म्हणतात. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखरामांशी देशातले पहिले मोबाइल संभाषण केले, तेव्हा बोलणाराने तर पैसे द्यावयाचेच, पण ऐकणारानेही द्यावयाचे असा न्याय होता. मी २००१ साली ते यंत्र घेतले तेव्हाही तोच न्याय चालू होता. मेहुण्याच्या मुंजीची हकीकत ऐकण्यासाठी आपण मिनिटागणिक द्रव्य मोजीत आहोत, ही जाणीव मनुष्याच्या कौटुंबिक जिव्हाळ्यावर काय परिणाम करते ते मी स्वतः अनुभवले आहे. यातूनच ‘मिस्ड कॉल’ नावाचे ते अस्सल भारतीय शास्त्र निर्माण झाले: एक घंटा म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, तीन म्हणजे आता तूच कर. २००३ साली ऐकणे मोफत झाले, तरी माझी पत्नी पुढे कित्येक वर्षे कोणाचा फोन आला की आधी “लवकर सांगा” असेच म्हणे.

परंतु या नव्या यंत्राची एक खुबी कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. आमच्याकडे यंत्र बाजारात मिळे आणि सिम कंपनीकडे मिळे. ही दोन खाती बहुधा निरनिराळी राहिली. जुने यंत्र बिघडले की मी लक्ष्मी रस्त्यावर जाई, पसंत पडेल ते विकत घेई, आणि नखाने सिम काढून नव्यात बसवी. कंपनीला त्याची खबर देण्याचे कारण नव्हते आणि तिला ती असण्याचेही कारण नव्हते. पुढे २० जानेवारी २०११ पासून क्रमांक तोच ठेवून कंपनीच बदलण्याची सोय देशभर झाली, तिचा आकार होता १९ रुपये. नऊ वर्षे अर्जाची वाट पाहिलेल्या मनुष्यास हा रामराज्याचा प्रारंभ वाटावा, यात नवल नाही.

या पार्श्वभूमीवर, २०२२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे मुलीकडे राहावयास गेलो असता, तिच्या मोबाइलचे बिल माझ्या हाती लागले. बिल दिसले की ते तळापासून वर वाचावयाचे, ही माझी कचेरीतली सवय. मुलीने त्या महिन्यात नवा फोन घेतला होता. घेतला होता म्हणजे कंपनीच्या दुकानात जाऊन, ३६ महिन्यांच्या हप्त्यांनी, जुना फोन त्यांच्या हवाली करून. आणि त्या बदल्यात कंपनी दर महिन्याला हप्त्याइतकीच रक्कम बिलात वजा देणार होती. म्हणजे फोन फुकट. मात्र मध्येच कंपनी सोडली तर उरलेली वजावट बुडणार आणि राहिलेले हप्ते अंगावर येणार. विक्रीकर तर फुकट फोनाच्या पूर्ण किमतीवर, पहिल्याच दिवशी वसूल झाला होता. हे सर्व मी समजून घेतले. तेवढ्यात नजर एका ओळीवर गेली: ‘अपग्रेड फी, ३५ डॉलर’.

“हे कशाचे?” मी विचारले.

“नवा फोन घेतला ना बाबा, त्याचे.”

“फोनाचे तर हप्ते आहेत.”

“हप्ते फोनाचे. हे, नवा फोन घेतल्याचे.”

पेशवाईत वाद जिंकणाराकडून सरकार ‘हरकी’ घेत असे आणि हरणाराकडून ‘गुन्हेगारी’, हे जुन्या कागदपत्रांशी ज्याचा संबंध आला त्याला ठाऊक असते. हरीख झाला, तेव्हा सरकारला त्याचा वाटा द्या, एवढाच हरकीचा अर्थ. पस्तीस डॉलरांची ती ओळ पाहताच मला दोन शतकांपूर्वीचा तो शब्द आठवला. मनुष्याला नव्या यंत्राचा हरीख झाला आहे, खिसा त्या क्षणी सैल आहे, तेव्हा पट्टी बसवावी. आमच्या नाना-बाबा फडणिसांना हे तत्त्व कोणी शिकविले नव्हते आणि अमेरिकेलाही त्यांच्याकडून शिकावे लागले नाही.

कंपन्या याला कारणे देतात. व्हेरायझन या तिथल्या बड्या कंपनीने एप्रिल २०१२ मध्ये तीस डॉलरांची अशी पट्टी प्रथम बसविली, तेव्हा ग्राहकांना नव्या यंत्राचे शिक्षण आणि सल्ला देण्याचा खर्च वाढला आहे, असे सांगितले होते. त्याच कंपनीने आदल्या डिसेंबरात, बिलाचे पैसे एका विशिष्ट पद्धतीने भरण्याबद्दल दोन डॉलर आकारण्याचे जाहीर केले आणि लोकांनी गिल्ला करताच दुसऱ्या दिवशी ते मागे घेतले. दोन डॉलर मागे जातात आणि तीस राहतात, यातला हिशेब माझ्यासारख्या महसुली मनुष्यास विचार करावयास लावतो: दोन डॉलर दर महिन्याला आठवण करून देतात, तीस डॉलर दोन-तीन वर्षांनी एकदाच, आणि तेही आनंदाच्या दिवशी.

मुलीने माझ्या आग्रहाखातर कंपनीला फोन लावला. वीस मिनिटे संगीत ऐकले, दोन मिनिटे बोलली, आणि पस्तीस डॉलर पुढील बिलात वजा मिळाले. ती हरखली, मी मात्र अस्वस्थ झालो. जी पट्टी मागणाराला माफ होते ती मुळात भिडस्त माणसांवर बसविलेली असते. माझे वडील त्या डब्यात नेहमी थोडे अधिकच टाकीत. त्यांनी हा फोन मुळीच केला नसता.

त्या मुक्कामात वेळ भरपूर होता आणि फ्रीमाँटचे ग्रंथालय चांगले. तेव्हा कळले की अमेरिकेतही एके काळी यंत्र, तार आणि भिंतीवरची पट्टी सगळे कंपनीचेच होते आणि लोक घरातल्या दूरध्वनीचे भाडे वर्षानुवर्षे भरीत. बोलणे शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून मुखयंत्रावर बसवावयाची ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वाटी कोणी विकावयास काढली, तर ती परकी वस्तू आमच्या यंत्राला लावू देणार नाही म्हणून कंपनी भांडत राहिली. वाटीच्या बाजूने निकाल लागावयास १९५६ साल उजाडले. त्यानंतर टेक्सासचा टॉम कार्टर आला. तेलविहिरींवरच्या माणसांना बिनतारी यंत्रावरून घरच्या दूरध्वनीशी बोलता यावे म्हणून त्याने ‘कार्टरफोन’ काढला. रिसीव्हर त्यावर नुसता ठेवावयाचा, तारेला तार लावावयाचीही नाही. तरी वाद झालाच, आणि १९६८ साली संघीय दळणवळण आयोगाने कार्टरच्या बाजूने कौल दिला. यंत्र ज्याचे त्याचे, तार कंपनीची, ही वाटणी तेथून सुरू झाली. मोबाइल आल्यावर कंपन्यांनी फोनालाच कुलूप घालून ती पुन्हा पुसली. २०१३ च्या जानेवारीपासून काही काळ तर नव्या फोनाचे कुलूप कंपनीच्या परवानगीवाचून काढणे हा कायद्याचा भंग ठरत होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी सही केलेल्या कायद्याने ती मुभा परत दिली. हे वाचताना कोथरूडला यंत्र हलविण्याचा आकार भरून फाडून घेतलेली ती पावती पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येत होती.

दोन वर्षांनी, २०२४ च्या दिवाळीत, पुन्हा गेलो तेव्हा जावयाच्या फोनाची पाळी होती. कंपनीच्या दुकानाची पायरी चढावयाची नाही, असे मी आल्याआल्याच सांगितले. जावई शहाणे, त्यांनी वाद घातला नाही. फोन बनविणाऱ्याच्याच दुकानातून, बिनकुलुपाचा, पूर्ण किंमत मोजून फोन घेतला. येथे एक सावधगिरी सांगतो, कारण आम्ही तेथे फसता फसता वाचलो: त्या दुकानातही, कंपनीच्या खात्यावर हप्ते बांधून घ्या म्हणून गोडीने सुचवितात, आणि तसे बांधले की हरकी मागच्या दाराने आत येऊ शकते. किंमत एकदम देणे जड असेल तर हप्ते दुकानाचे किंवा बँकेचे घ्यावेत, टेलिफोन कंपनीचे नव्हेत. फुकट फोनाची ती ३६ महिन्यांची वजावट जावयांना सोडावी लागली, हेही नमूद करतो. ज्याला कंपनी बदलावयाचीच नाही त्याला कदाचित पस्तीस डॉलर भरूनही तो व्यवहार स्वस्त पडेल. जावयांनी वर्षाकाठी स्वस्त होणारी दुसरी योजना हेरून ठेवली होती, म्हणून त्यांचे गणित निराळे.

घरी आल्यावर मी सवयीने नख पुढे केले, तर सिमची खाचच नाही. अमेरिकेत विकावयाच्या आयफोनांतून ती २०२२ सालीच गेली, आता सिम म्हणजे नुसता आकड्यांचा संकेत. क्षणभर वाटले, संपले. आता कंपनीला विचारल्यावाचून गत्यंतर नाही. पण जावयांनी दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, जुन्यावर ‘होय’ म्हटले, आणि फराळाची ताटली संपण्याच्या आत क्रमांक इकडून तिकडे गेला.

डिसेंबरचे बिल आले ते मी तळापासून वर वाचले. अपग्रेडची ओळ त्यात नव्हती. तिच्या जागेच्या जरा वर ‘प्रशासकीय व नियामक खर्चाची वसुली’ अशी एक दुसरी ओळ होती, तीन डॉलर आणि काही सेंटांची. तिच्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे.