डोळ्यांतला कवडसा

बेळगांव असो वा निपाणी, आमच्या सीमाभागांतील घरांत सोप्याच्या भिंतीवर गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या असतात. जुन्या आणि अलीकडच्या तसबिरींतील एक फरक आम्हांस फार दिवस खटकत आला आहे. पणजोबा आपल्याकडे पाहतात. काकांचे डोळे नुसतेच उघडे असतात. माणूस गेल्यावर ओळखपत्रावरचे चित्र घाईघाईने मोठे करून त्यास हार घालावयाचा, ही जी रीत पडली आहे तिचाच हा परिणाम होय.

याचे कारण अगदी साधे आहे. बुबुळावरील पारदर्शक पडदा म्हणजे एक इवलासा बहिर्गोल आरसाच. समोर जे उजेडाचे साधन असेल त्याची प्रतिमा त्यांत उमटते. खिडकी असेल तर चौकोन, छत्रीवरून परतविलेला प्रकाश असेल तर वाटोळा ठिपका. हा शुभ्र कण बाहुलीच्या वरच्या अंगास, घड्याळांत दहा किंवा दोन वाजतात त्या जागी पडला, की डोळा सहज वाटतो; कारण माणसांना आपण आभाळाच्या, म्हणजे वरून येणाऱ्या उजेडांतच पाहत आलो आहोत. कॅमेऱ्यावरच बसविलेल्या फ्लॅशचा ठिपका मात्र जवळजवळ बाहुलीच्या मध्यावर पडतो आणि नजर गोठते. अंधाऱ्या खोलींत तर तोच प्रकाश डोळ्याच्या मागील रक्ताळ थरावरून परततो व बाहुली लाल दिसते. भर दुपारी अंगणांत उभे केलेल्या माणसाची गत निराळी : भुवयांची सावली खोबणींत उतरते आणि डोळे हरवतात.

वीज येण्यापूर्वीचे छायाचित्रकार काचेच्या मोठ्या तावदानांतून येणाऱ्या उत्तरेच्या मऊ उजेडावर काम करीत. पणजोबांच्या नजरेचे रहस्य त्या तावदानांत आहे. पुढे दिवे आले आणि एका डोळ्यांत दोन-दोन ठिपके पडू लागले. मग रिटचिंग करणारा कारागीर एक ठिपका छापील चित्रावर काळ्या शाईने बुजवी. ठिपका मुळांतच नसेल तर निगेटिव्हवर शिसपेन्सिलीचा बारीक टिंब देई. निगेटिव्हवरचे काळे छापांत पांढरे होते. व्यक्तिचित्रे रंगविणाऱ्यांनाही हा कण नवा नाही. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकार ज्या बेळगांवांत शिकवीत आणि रवी परांजपे ज्यांच्यापाशी शिकले, त्या गांवाला हे वेगळे सांगावयास नको.

आपणां देवळांत वावरणाऱ्यांना तर डोळ्यांचे महत्त्व अधिकच. मूर्तीची प्रतिष्ठा नेत्रोन्मीलनावांचून पुरी होत नाही. निपाणीहून 40 किलोमीटरांवर कोल्हापुरास 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी व 9 ते 11 नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महालक्ष्मीच्या चरणांपासून वर चढत जातात, आणि मुखापर्यंत पोहोचतात की नाही याकडे सारी गर्दी श्वास रोखून पाहते. गाभाऱ्यांतील समयांचा उजेड मात्र खालून येतो. काळ्या पाषाणाला तो शोभतो. माणसाच्या मुखावर खालून उजेड टाकून पाहावा, घरचे माणूसही भयाण दिसते. (हल्ली काही गाभाऱ्यांत पांढरेफटक दिवे बसवितात, त्याविषयी आम्ही न बोललेले बरे.)

आमच्या निपाणीच्या आत्याबाईंनी आपले ओळखपत्र हाती घेऊन एकदाच पाहिले व म्हणाल्या, “हे म्हजे दोळे न्हंय.” आपल्यामागे हे चित्र भिंतीवर लावावयाचे नाही, जिवंत आहे तोवर दुसरे काढा, असे त्यांनी आम्हांस बजावले. दुपार कलल्यावर, ऊन परसांत गेले असतां, आम्ही त्यांना पुढच्या दाराच्या हातभर आंत, अंगणाकडे तोंड करून पाटावर बसविले. मांडीवर पांढरी चादर अंथरली. तिच्यावरून परतलेल्या उजेडाने खोबणींतील सावली विरली. उघडे दार दोन्ही डोळ्यांत उभा चौकोन होऊन उतरले.

दोन्ही डोळ्यांत, हे विशेष. आत्याबाईंच्या डाव्या डोळ्यांत मोतीबिंदू पुरता पिकलेला. शस्त्रक्रिया नको हा त्यांचा हट्ट. त्या डोळ्याला माणूस ओळखू येत नाही. परंतु मोतीबिंदू आंतील भिंगाला होतो, वरचा पडदा स्वच्छच राहतो; पाहू न शकणारा डोळाही उजेड तितक्याच निगुतीने परत करतो. त्यांच्या मुलाला हे खोटे वाटले. डाव्या डोळ्यांतील चमक पुसून टाकावी, दिसत नाही ते दिसते असे कां दाखवावे, असे तो म्हणाला. आम्ही तेथे जे होते तेच टिपले होते, तेव्हा पुसण्यास आमचे मन घेईना. पण तसबीर त्यांची, निवाडाही त्यांचाच. आत्याबाईंनी चित्र उजव्या डोळ्याजवळ धरले आणि मुलाला म्हणाल्या, “त्या दोळ्यान हांवें तुका ल्हान आसतना पळयला.”

चमक तशीच राहिली. तसबीर तूर्त त्यांच्या कपाटांत, रेशमी लुगड्याच्या घडींत आहे.