रिमची पन्हळ

सातारा, रविवार

चि. मुक्ता हिस,

मोटरसायकलचं मागचं टायर घरीच बदलायचं म्हणतेस, पण "मामा, मला तेवढा जोर लागेल का?" असंही विचारतेस. फोनवर सांगितलं तर तू हो हो म्हणून विसरशील, म्हणून हे पत्र.

जोराचा इथे फारसा संबंधच नाही. टायरच्या दोन्ही कडांच्या आत पोलादी तारेचं कडं असतं. ते ताणलं जात नाही, भीमाने ओढलं तरी नाही. आणि रिमचा काठ त्या कड्याहून मोठा. मग टायर निघतं कसं? रिमच्या मधोमध खोल पन्हळ असते. समोरच्या बाजूची कड तिच्यात ढकलली की अलीकडे तेवढी ढील मिळते आणि टायर उचकटायची लिव्हर अलगद उलटते. चार्ल्स वेल्श नावाच्या इंग्रजाने १८९० मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. त्याआधी दोन वर्षं बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचं टायर केलं होतं, पण ती सुरुवातीची टायरं रिमला चिकटवलेली असत. पंक्चर काढायचं म्हणजे आधी सोला, मग पुन्हा चिकटवून वाळवत बसा!

तेव्हा लिव्हर जड लागली की समज, पलीकडची कड पन्हळीतून वर आली आहे. जोर वाढवू नकोस. पलीकडे जा, गुडघ्याने कड दाब आणि मग परत ये.

चाक उतरवणं तुला येतंच. बुश-वॉशर कुठल्या बाजूचे, त्याचे फोटो काढून ठेव. चाक बाहेर असताना मागचा ब्रेक कुणाला दाबू देऊ नकोस. पॅड मिटले तर डिस्क परत आत जाणार नाही. चाक दोन पाटांवर ठेव, डिस्क वर करून. (पाट आईला विचारून घे, देवघरातले नकोत.) हवा पूर्ण सोड. रिमला घट्ट चिकटलेली कड सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड टायरवर, रिमच्या अगदी लगत टेकव आणि गाडी हळूच त्यावर कलती कर. साबणाचं पाणी सढळ हाताने लाव. ऑइल, ग्रीस बिलकूल नाही, रबर खराब होतं.

टायर निघालं की रिमच्या आत नीट बघ. तारांच्या निपलांवरची रबरी पट्टी सरकली आहे का, गंज कुठे धरलाय? पंक्चरवाला थोडक्या पैशांत, तुझा चहा संपेपर्यंत टायर बदलून देईल. पैसे वाचवायला हा खटाटोप नाहीच. पण ती पट्टी तो तुला बोलावून दाखवणार नाही.

चढवताना ट्यूबमध्ये जेमतेम आकार येईल एवढी हवा भर. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. कारण व्हॉल्व्हच्या बुडाने तिथली पन्हळ अडलेली असते, कड तिथे खाली जाऊच शकत नाही. ढील मिळवायची ती समोरच्या बाजूने. शेवटी व्हॉल्व्ह थोडा आत ढकल, म्हणजे कडेखाली ट्यूब अडकणार नाही. शेवटची वीतभर कड जमलं तर तळहातांनीच चढव. लिव्हरखाली ट्यूब सापडली तर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडतात, आणि त्या बहुधा दुसऱ्या दिवशी कळतात, ऐन ऑफिसच्या वेळी. हवा भरल्यावर टायरच्या बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर हवा सोड, साबण लाव, पुन्हा भर.

तुझ्या मैत्रिणीच्या ट्यूबलेसला मात्र हात लावू नका. तिथे कडा बसवायला हवेचा एकदम झोत लागतो; पायपंपाने दमून जाल आणि अलॉयवर ओरखडे पाडाल ते वेगळंच. ती गाडी सरळ दुकानात न्या.

टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच. ३२२४ म्हणजे २०२४ चा ३२ वा आठवडा. दुकानदार जुना माल "स्वस्तात देतो" म्हणेल, भुलू नकोस. त्या आकड्यांचा आणि फिरण्याच्या बाणाचा फोटो मला पाठव, मगच पैसे दे. माझ्याकडच्या तिन्ही लिव्हर दादाबरोबर पाठवतोय. परत हव्यात.

तुझा,
मामा