मंगळवारची सुट्टी

माझी आठवड्याची सुट्टी मंगळवारी येते. मरोळच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी मेंटेनन्स फिटर आहे. एक आठवडा सात ते तीन, पुढचा आठवडा तीन ते अकरा, त्याच्या पुढचा रात्री अकरा ते सकाळी सात. यंत्रं चोवीस तास चालतात, म्हणून सुट्ट्याही माणसांमध्ये वाटून दिल्या आहेत. कुणाला सोमवार, कुणाला गुरुवार, मला मंगळवार. एकवीस वर्षं झाली. या एकवीस वर्षांत मी लग्नांना जेवणं उरकल्यावर पोहोचलो, रमजानमध्ये कितीतरी इफ्तार गिअरबॉक्सशेजारी उभ्याने केले, आणि मुलीच्या शाळेत फक्त तिच्या अम्मीलाच सगळे ओळखतात. पाळीत राबणाऱ्या नर्सला, मोटरमनला, विमानतळावरच्या लोडरला हे वेगळं सांगायला नको.

या वेळापत्रकात मी दोन शौक सांभाळले आहेत. एक छोटी रेल्वे, म्हणजे मापात बनवलेलं मॉडेल. दुसरा जुनी जीप. पहिला ऐकला की लोक म्हणतात, हा तर पोरांचा खेळ. दुसरा ऐकला की म्हणतात, पैसेवाला दिसतोय. असल्फ्याला दोन खोल्यांत राहणाऱ्या फिटरला हे दोन्ही कसं जमतं, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितो आहे.

आधी रेल्वे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. नोकरीला लागल्यावर एकदा मेव्हण्याकडे गेलो असताना ते पाहिलं. सिग्नल, पूल, बोगदे, एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या, आणि सगळं एका माणसाच्या नादातून आलेलं. परत येताना एक्स्प्रेसच्या खिडकीतून मी रुळांकडे वेगळ्याच नजरेने पाहत होतो.

या जगात सगळ्यात चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आता गंमत बघा. आपल्या लोकलचा रूळ ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर येतं. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळावर आपली लोकल ठेवली की ती अरुंद रुळावर उभी राहिल्यासारखी दिसते. दुसरी अडचण लांबीची. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या पुढे जाते. ८७ ने भागूनही ती तीन मीटरच्या घरात. माझी सगळ्यात लांब भिंतच तीन मीटर. गाडी भिंतभर उभी राहील, पण तिला जायला जागा उरणार नाही.

तोडगा रोज डोक्यावरून जात होता. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, बारा स्थानकं, चार डब्यांची गाडी. मी त्याच गाडीने असल्फ्याहून मरोळ नाक्याला जातो. आणि तिचा रूळ स्टँडर्ड गेज आहे, १४३५ मिलिमीटर. भागा ८७ ने. बरोबर साडेसोळा! म्हणजे हे जगभरचं माप आमच्या मेट्रोला शिवून घेतल्यासारखं बसतं. चार डब्यांची गाडी एक मीटरच्या आसपास येते. शिवाय मेट्रोला घाटकोपरला वळायला गोल लागत नाही. चालक या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी उलटी निघते. माझ्या मॉडेलमध्ये हे काम एक बटण करतं. रुळांतला करंट बारा व्होल्टचा डीसी. तारा उलट केल्या की गाडी उलट धावते. गोल नको म्हटल्यावर फूटभर रुंदीची फळी पुरते. भिंतीला ब्रॅकेट मारले, त्यावर प्लायवूड टाकलं. खाली दिवाण, वर मेट्रो.

एका टोकाला साकीनाका, दुसऱ्या टोकाला असल्फा, मध्ये टेकडी. २०१७ च्या अखेरीस स्वयंसेवकांनी असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरांच्या भिंती रंगवल्या. मेट्रोतून जाणारे लोक तेव्हापासून तिकडे मोबाइल धरतात. ती टेकडी मी थर्माकोल आणि सनबोर्डची केली. एकेक घर काड्यापेटीएवढं. पत्र्यांवर निळी प्लास्टिकही टाकली, कारण पावसाळ्यात तिथे तीच असतात. डब्यांची बॉडी तयार मिळत नाही. चाकं आणि मोटर सेकंडहँड घेतली, वर सनबोर्डचे डबे चढवले. स्विच आणि वायर लॅमिंग्टन रोडवरून.

मुंबईच्या हवेचा या शौकाशी उभा दावा आहे. जूनपासून प्लायवूड फुगतं आणि रुळांवर काळा थर धरतो. तो थर आला की चाकांना करंट मिळत नाही आणि गाडी गचके खात थांबते. तो पुसायला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागतं. बाटलीवरचा दुसरा शब्द अम्मीला वाचता येतो, तेव्हा ती बाटली कारखान्यातून आणलेल्या जुन्या ग्रीसच्या डब्यात ठेवली आहे.

आता पाळीचा हिशेब. पाळीतल्या माणसाकडे वेळ नसतो असं लोक समजतात. वेळ असतो, पण तो तुटक असतो आणि प्रत्येक तुकड्याची जात वेगळी असते. दुपारपाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी, मुलगी शाळेत, उजेड चांगला, हात ताजे. घरं रंगवणं, बारीक सोल्डरिंग तेव्हाच. सकाळपाळीच्या आठवड्यात संध्याकाळी घर भरलेलं असतं. खुडबुड करायची नाही, ड्रिल लावायचं नाही. मुलीसोबत गाडी चालवायची. रात्रपाळीहून आल्यावर बोटं थरथरतात आणि डोळ्यांना बारीक दिसत नाही. तेव्हा फक्त रूळ पुसतो. वीस मिनिटं कापड पुढे-मागे फिरवलं की डोक्यातला यंत्रांचा आवाज कमी होतो आणि झोप येते. रात्रपाळी उतरल्यावर सरळ आडवं झालो की त्या आवाजाने तासभर कूस बदलत राहतो, हे माझ्या वयाच्या कुठल्याही कामगाराला विचारा.

रेल्वे तुकड्यांत बसते. जीपला सलग दिवस लागतो. म्हणून ती मंगळवारची.

जीप एकट्याची नाही. आम्ही तिघे भागीदार. तिघांच्याही नोकऱ्या पाळीतल्या. गाडी १९८७ सालची महिंद्रा एमएम ५४०, डिझेल, फोर-बाय-फोर. ती मुलुंडला एका भागीदाराच्या काकांच्या गोडाऊनजवळ उभी असते, कारण असल्फ्याच्या गल्लीत दुचाकी लावायला भांडावं लागतं. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी कुणीही स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. दुसरा, जंगलखात्याच्या हद्दीत शिरायचं नाही. मुरबाडच्या बाजूला एका भागीदाराचं गाव आहे. तिथे पावसाळ्यात त्यांच्या शेताकडे जाणारी गाडीवाट चिखलाने भरते. पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून लॉक करायचे, छोटी दांडी ओढून लो गिअर टाकायचा आणि पायाने घाई न करता गाडीला तिचं काम करू द्यायचं. मंगळवारी रस्ता रिकामा असतो. रविवारवाल्यांना हे सुख नाही.

गॅरेजवाल्यांच्या भाषेत जीपच्या दोन जाती: लो बॉनेट आणि हाय बॉनेट. अमेरिकेत १९५३ साली विलीजने जीपमध्ये जास्त उंचीचं इंजिन बसवलं, ते झाकायला बॉनेट उंच करावं लागलं, म्हणून हाय बॉनेट. तो नमुना महिंद्राने इथे कितीतरी वर्षं बनवला. या कंपनीचा जन्म १९४५ चा, पोलादाच्या व्यापारातला, आणि तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. आद्याक्षरं तीच राहिली. आमच्या गॅरेजमधले मिस्त्री हा किस्सा प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला सांगतात आणि मग बिल देतात. मला त्याहून जवळची वाटते ती कांदिवलीच्या कारखान्याची गोष्ट. उपनगरांत एके काळी 'मुलगा महिंद्रात आहे' एवढं सांगितलं की स्थळाची चौकशी पुढे सरकायची. अशा कारखान्यांत जीप जोडणारी माणसंही पाळीतलीच. एमएम ५४० चे नटबोल्ट साध्या पान्याने खुलतात, सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळून जातात. माझ्या हातांना ती गाडी परकी वाटत नाही.

कागदपत्रं मात्र सोपी नाहीत. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी तपासणी आणि पुन्हा नोंदणी, वर पर्यावरण कर. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांच्या पुढची, मूळ रूप टिकवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. आमची जीप २०३७ साली पन्नास पूर्ण करेल. त्याच साली मी अठ्ठावन्नचा होऊन निवृत्त होईन. तोवर तिची फिटनेस आरटीओ बघणार, माझी कारखान्याचा डॉक्टर.

अम्मी या सगळ्याला एकच शब्द वापरते: इसराफ. उधळपट्टी. हा शब्द हसण्यावारी नेता येत नाही, कारण ती तो दीनच्या अर्थाने वापरते आणि तिने अब्बांच्या पगारात पाच पोरं वाढवली आहेत. म्हणून मी वही ठेवली आहे. रेल्वेचा खर्च अब्बांच्या पान-तंबाखूच्या खर्चाहून कमी निघाला, हे तिला दाखवलं. जीपचा तिसरा हिस्सा जास्त आहे. त्यासाठी मी बाइक घेतली नाही. पैशाचा हिशेब तिला पटला. पण तिचा खरा प्रश्न पैशाचा नव्हताच. "एवढ्या वेळात ओव्हरटाइम केला असतास," ती म्हणाली.

हा प्रश्न माझ्या घरापुरता राहिलेला नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतला दिवस बारा तासांपर्यंत नेण्याला आणि तीन महिन्यांतली ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती घ्यायची, असंही त्यात आहे. आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस हाच विषय होता. ज्यांच्यावर कर्ज आहे ते म्हणाले, बरंच झालं. त्यांना मी काय सांगणार? मुलीची दहावी पुढच्या वर्षी आहे, क्लासची फी मलाही भरायची आहे.

फरक २९ तासांचा. मी वही उघडून बघितली. असल्फ्याची टेकडी, तिच्यावरची बहात्तर घरं, निळी प्लास्टिकं आणि पायऱ्या धरून, मला साधारण तेवढ्याच तासांत झाली होती. म्हणजे दर तिमाहीला एक टेकडी. दुप्पट दराने तिची किंमत चांगली येते, हे कबूल. पण ते तास विकले की त्या आठवड्यात मी फक्त झोपतो, जेवतो आणि कामावर जातो. मुलीला मी दिसतो तो पाठमोरा, भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

मुंबईच्या कामगाराला रविवारची सुट्टी कुणी दानात दिलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षं अर्ज केले, सभा घेतल्या, तेव्हा १० जून १८९० पासून आठवड्यातला एक दिवस कामगाराच्या हातात आला. त्या दिवशी काय करायचं ते त्याचं त्याने ठरवायचं होतं. कुणी भजन केलं असेल, कुणी कुस्तीला गेला असेल, कुणी नुसता खाटेवर पडला असेल. माझ्या वाट्याला तो दिवस मंगळवारी आला आहे.

अम्मीला मी एवढंच म्हणालो की फीचे महिने सोडून मी ओव्हरटाइमच्या कागदावर सही करणार नाही. एप्रिल-मेमध्ये करेन. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी असल्फा स्टेशनच्या छपराखाली एक पिवळा मणी डकवलेला दिसला. फळीवर दिवा लावलाय, ती म्हणाली, तुझ्या लोकांना रात्री दिसायला नको का.

मागच्या महिन्यात आमच्या पाळीतला एक जण घरी आला होता. हायड्रॉलिक प्रेसवर असतो, चार शब्दांपलीकडे बोलत नाही. त्याने आधी किंमत विचारली, मग कंट्रोलर हातात घेतला. साकीनाका ते असल्फा, असल्फा ते साकीनाका. प्रत्येक स्थानकात गाडी थांबवून तो मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत होता, दारं उघडून बंद व्हायला लागतात तेवढी. अर्धा तास झाला. दुपारपाळी होती, दोन वाजून गेले होते. बायकोने चहा पुढे केला तर म्हणाला, "भाभी, थांबा जरा, ही गाडी पोहोचू दे."