ओल कुठून आली?

उत्तर नागपुरात आमचे जुने, छोटेसे घर आहे. मागची एक खोली भाड्याने दिलेली. गेल्या मे महिन्यात पाण्याचे बिल हाती पडले आणि आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिलो. बिल नेहमीच्या जवळजवळ दुप्पट होते.

आधी कुलरवर संशय घेतला. पण कुलर तर दरवर्षीच पाणी पितो. मग संशय गेला भाडेकरणीवर. तिला चार महिन्यांचे बाळ, रोज दुपटी-लंगोट धुवायचे. आम्ही तिला म्हटले, "बाई, नळ चालू ठेवून कपडे धूत जाऊ नको. बिल आम्हाला भरावे लागते." ती एवढेच म्हणाली, "काकू, मी तर दोन बकेटातच धुते जी."

दुसऱ्या दिवसापासून ती बाळाला कडेवर आणि कपडे हातात घेऊन गल्लीच्या टोकाच्या हातपंपावर जाऊ लागली. भर उन्हात. आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो.

आठ दिवसांनी मीटर पाहिला, तर आकडा पूर्वीसारखाच पळत होता! तेव्हा वस्तीतल्या एका प्लंबर भावाला बोलावले. त्याने सांगितलेले उपाय वाचकांनीही करून पाहावेत.

पहिला, नळाला पाणी असताना घरातले सगळे नळ आणि टाकीत पाणी सोडणारा कॉक बंद करावा. मीटरमधली सर्वांत लहान चकती तरीही फिरत असेल, तर गळती मीटर आणि टाकीच्या मधल्या पाइपात आहे. पाणी नसताना हे करून उपयोग नाही. ही गळती घातकही असते. पाणी गेल्यावर त्याच भोकातून जमिनीतली घाण आत शिरते. आमची चकती मात्र स्थिर होती.

दुसरा, रात्री टाकी भरून कॉक बंद करावा, पातळीवर खूण करावी आणि सकाळपर्यंत कुणी पाणी वापरू नये. आमच्या टाकीतले पाणी वीतभर उतरले. म्हणजे गळती घरातच होती.

तिसरा, संडासच्या फ्लश टाकीत थोडी नीळ टाकावी. अर्ध्या तासात न ओढताच भांड्यात निळे पाणी आले, तर टाकी गळते. आमच्याकडे तेही नव्हते. शेवटी टाकीखालचे कॉक एकेक करून बंद केले. न्हाणीकडचा बंद केला, त्या रात्री पातळी हलली नाही.

मग आठवले, न्हाणीच्या उंबऱ्याजवळची एक फरशी पायाला गार लागत असे. उन्हाळ्यात बरे वाटते म्हणून आम्ही तिथेच चटई टाकून बसत होतो!

फरशी फोडली. खाली लोखंडी पाइपाचा जोड गंजून गेला होता. पाणी सरळ मातीत मुरत होते, म्हणून वर काही दिसले नाही. घर चांगले दिसावे म्हणून तो पाइप फरशीखाली आम्हीच गाडला होता. धार मापून पाहिली, तर पाच मिनिटांत एक लिटर. दिवसाला 288 लिटर! 2019 च्या जुलैत तोतलाडोह आटले, तेव्हा याच नागपूरने दिवसाआड पाणी पाहिले आहे.

नवा पाइप आम्ही भिंतीवरून उघडाच नेला. गळला तर निदान दिसेल.

त्या संध्याकाळी आम्ही दोघेही मागच्या खोलीत गेलो. "पोरी, चूक आमची होती," म्हटले. ती रागावली नाही. तिने फक्त विचारले, "मग आता नळावर धुऊ, काकू?"

आमची मान खाली गेली. पाण्यापासून माणसाला दूर सारणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते कशासाठी, हे आम्ही मुलांना सांगत आलो. आणि आमच्याच दारात एका लेकुरवाळीला पाणी मागायला परवानगी घ्यावी लागली.

म्हणून बंधू-भगिनींना एवढीच विनंती, की बिल वाढले तर आधी मीटर पाहा, टाकी पाहा, फरशीला हात लावून पाहा. घरातल्या माणसावर बोट त्याआधी उचलू नका.